रीबूटनंतर डमी इंटरफेस उडतो: तो कायम राहावा म्हणून नेमकं कुणाला सांगायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. उबंटू सर्व्हर २२.०४ आहे. त्यावर अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सर्व्हिस) चालवायचाय आणि त्याला स्वतःचा ठरलेला पत्ता हवाय, म्हणून तुम्ही हाताने डमी० नावाचा डमी इंटरफेस (ज्याच्यामागे खरं कार्ड नाही असा, नुसता सॉफ्टवेअरमधला) बनवून त्यावर १९२.१६८.१०.५३/२४ हा आयपी चढवलात. ऑफिसचं लॅनही १९२.१६८.१०.०/२४ हेच आहे आणि खऱ्या कार्डावर, म्हणजे एन्प१एस० वर, १९२.१६८.१०.११/२४ आहे. सगळं नीट चाललं, पण रीबूट मारल्यावर डमी० गायब. मग त्याच कमांड आरसी.लोकलमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टमध्ये, टाकल्यात. इंटरफेस यायला लागला, पण अनबाउंड कधी उठतं, कधी ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ म्हणून पडतं. शेवटी नेटवर्कच्या आधी चालणारं स्वतःचं सिस्टमडी युनिट (बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीसाठीची फाइल) लिहिलंत, तर अनबाउंड व्यवस्थित उठलं, पण ऑफिसातून एसएसएच लागेनासं झालं. आणि आता विचारताय, की या कमांड बूटच्या वेळी चालवायची योग्य जागा कोणती?

माझं स्पष्ट मत असं, की अशी योग्य जागा नाहीच. बूटच्या वेळी कमांड चालवणं हा रस्ताच सोडून द्या. त्या सर्व्हरवर नेटवर्कचा कारभार कुणाकडे आहे ते आधी शोधा आणि तुम्हाला कोणता इंटरफेस हवाय हे त्याला लिहून द्या. बनवायचं कधी, पत्ता कधी चढवायचा, इतरांना ‘तयार आहे’ असं कधी कळवायचं, हे सगळं मग तोच बघतो. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन याने सुटतील. तिसरी, एसएसएच जाण्याची, वेगळ्या कारणाने होतेय आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यावर खाली सविस्तर लिहितो.

एक व्यवहाराची गोष्ट: कमांड आणि फाइलची नावं मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत, आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे.

आधी इंटरफेस का उडतो ते. ‘आयपी लिंक ॲड’ ही कमांड थेट कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बोलते. कर्नल आपल्या मेमरीत इंटरफेस बनवतो आणि विषय संपतो. डिस्कवर कुठेही नोंद होत नाही. ‘आयपी ॲड्रेस ॲड’ आणि ‘आयपी रूट ॲड’ यांचंही तेच. रीबूट झाला की मेमरी कोरी होते आणि कर्नलला हार्डवेअरमध्ये जे सापडतं तेवढंच उभं राहतं. टॅप इंटरफेसला (व्हीपीएनसारखा प्रोग्राम स्वतःसाठी बनवतो तो) ‘पर्सिस्ट’ असा एक फ्लॅग असतो, त्यावरून बरेच जण फसतात. तो फ्लॅग लावला की इंटरफेस बनवणारा प्रोग्राम बंद झाला तरी इंटरफेस राहतो, पण रीबूटपुढे तोही टिकत नाही.

आरसी.लोकलमध्ये अडचण वेळेची आहे. सिस्टमडी ती फाइल नेटवर्क उभं राहिल्यानंतर चालवतं, आणि अनबाउंड साधारण त्याच सुमारास सुरू होत असतं. दोघांची शर्यत लागते. आरसी.लोकल आधी पोहोचली तर १९२.१६८.१०.५३ हा पत्ता मशीनवर असतो आणि अनबाउंडला तो मिळतो. उशीर झाला तर पत्ताच नसतो, आणि मशीनवर नसलेल्या पत्त्यावर पोर्ट उघडायला कर्नल नकार देतो. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार बूटच्या संदर्भात आली की मी आधी शर्यतच शोधतो. आरसी.लोकलमध्ये ‘स्लीप १०’ टाकून भागवणारे असतात. त्यांचंही एखाद्या दिवशी डिस्क हळू चालली की बिनसतं.

आता, डमी इंटरफेस तुम्हाला खरंच हवाय का? हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे आणि तुम्ही ती पूर्ण सांगितलेली नाही, म्हणून दोन्ही शक्यता मांडतो.

तुमचे क्लायंट फक्त त्याच लॅनमधले असतील आणि रिझॉल्व्हरला १९२.१६८.१०.५३ हाच पत्ता हवा असेल, तर डमी लागतच नाही. एका कार्डावर दोन पत्ते आरामात बसतात. नेटप्लॅनच्या (उबंटूत नेटवर्कची सेटिंग लिहायची व्यवस्था) फाइलमध्ये एन्प१एस० च्या ‘ॲड्रेसेस’ या यादीत दुसरी ओळ टाका, काम झालं. पूर्वी यासाठी ईटीएच०:१ असले उपनाव वापरत. ते स्वतंत्र इंटरफेस कधीच नव्हते, दुसऱ्या पत्त्याला लावलेलं नुसतं लेबल होतं. आज त्याची गरज नाही.

पण रिझॉल्व्हर त्याच मशीनवरच्या कंटेनरांनाही हवा असेल, व्हीपीएनवाल्यांनाही हवा असेल, किंवा उद्या कार्ड बदललं, बाँड केला (दोन कार्डं एक म्हणून जोडली), केबल निघाली तरी पत्ता जागेवर राहायला हवा असेल, तर डमी योग्य आहे. नेटवर्कडी (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) खऱ्या कार्डाची लिंक गेली की त्यावरचे पत्ते सहसा काढून टाकतं. तेव्हा कार्डावरच्या पत्त्यावर बसलेला डीएनएस केबल सुटताच मशीनच्या आतल्या कंटेनरांसाठीही बंद पडतो. डमीला केबलच नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. अनबाउंडला सगळ्या पत्त्यांवर बसवण्यापेक्षा एक ठरलेला पत्ता देणं हा तुमचा निर्णयही मला पटतो. उबंटूवर रिझॉल्व्हडी (सिस्टमडीचा स्वतःचा डीएनएस भाग) आधीच १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ अडवून बसलेलं असतं, आणि अनबाउंडला ०.०.०.० वर बसवायला गेलात की दोघांची टक्कर होते.

यापुढे डमी हवाच आहे असं धरून चालतो.

कारभारी कोण हे असं शोधायचं. ‘सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह’ च्या पुढे सिस्टमडी-नेटवर्कडी, नेटवर्कमॅनेजर आणि नेटवर्किंग ही तिन्ही नावं एकामागून एक देऊन बघा. उबंटू सर्व्हरवर बहुधा पहिलं चालू असतं. डेबियन हाताने इन्स्टॉल केलं असेल तर तिसरं, म्हणजे इफअपडाउन. रेड हॅट, रॉकी आणि अल्मावर नेटवर्कमॅनेजर. क्लाउडवाल्यांच्या तयार इमेजमध्ये यापेक्षा वेगळी व्यवस्था असू शकते, म्हणून अंदाजावर न जाता बघून घ्यावं. एकापेक्षा जास्त चालू दिसले तर ‘नेटवर्कसीटीएल लिस्ट’ मारा. ज्या इंटरफेससमोर ‘अनमॅनेज्ड’ येतं तो नेटवर्कडीच्या ताब्यात नाही. एका घरात दोन कारभारी असले की दोघंही एकमेकांची कामं मोडतात. एका कार्डाला एकच कारभारी ठेवा.

उबंटूवर नेटप्लॅन स्वतः कारभार करत नाही. तो २०१७ पासून उबंटूत मुख्य आहे, पण काम लेखनिकाचं करतो. तुमची वायएएमएल फाइल वाचतो आणि नेटवर्कडीसाठी /रन/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये फाइली लिहून देतो. त्यांची नावं १०-नेटप्लॅन अशी सुरू होतात, एकदा उघडून बघा. नव्या नेटप्लॅनमध्ये डमीसाठी ‘डमी-डिव्हायसेस’ असा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या मशीनवरच्या नेटप्लॅनला तो कळतो का हे बघायला ती ओळ टाकून ‘नेटप्लॅन जनरेट’ मारा. कळत नसेल तर ते सेटिंगचं नाव अनोळखी आहे अशी तो तक्रार करेल आणि चालू नेटवर्कला काही होणार नाही. जुन्या नेटप्लॅनवर लोक पोर्ट नसलेला ब्रिज बनवून तोच डमी म्हणून वापरायचे. चालतं ते, पण पोर्ट नसलेल्या ब्रिजला ‘नो-कॅरियर’ असतो आणि त्यातून नको ते प्रश्न निघतात. मी ते टाळतो.

मी तुमच्या जागी असतो तर नेटप्लॅनला न छेडता थेट नेटवर्कडीला सांगितलं असतं. दोन छोट्या फाइली लागतात, दोन्ही /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये.

पहिली, २०-डीएनएस०.नेटडेव्ह. ही इंटरफेस बनवते:

[नेटडेव्ह]
नेम=डीएनएस०
काइंड=डमी

दुसरी, २०-डीएनएस०.नेटवर्क. ही पत्ता चढवते:

[मॅच]
नेम=डीएनएस०

[नेटवर्क]
ॲड्रेस=१०.५३.०.१/३२
लिंकलोकलॲड्रेसिंग=नो

डमी० च्या जागी डीएनएस० हे नाव मुद्दाम घेतलंय. सहा महिन्यांनी दुसरा कुणी या मशीनवर आला की नावावरून त्याला काम कळावं. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, कर्नल त्याहून मोठं घेत नाही. शिवाय डमी० या नावाला जुनी अडचण चिकटलेली आहे. कर्नलचं डमी मोड्यूल लोड होताना आपणहून डमी० बनवायचं, आणि मग नेटवर्कडीने तेच नाव मागितलं की गोंधळ व्हायचा. सिस्टमडी आता मोड्यूलला ‘नमडमीज=०’ असा पर्याय देऊन हे थांबवतं, पण वेगळं नाव घेतलं की विषयच उरत नाही.

फाइलींच्या परवानग्या बघा. नेटवर्कडी रूट म्हणून चालत नाही, त्याचा स्वतःचा युजर आहे. फाइल ६०० असेल तर त्याला वाचताच येत नाही, आणि तुम्ही अर्धा दिवस फाइलमधली चूक शोधत बसता. साध्या फाइलींना ६४४ ठेवा. नेटप्लॅनच्या फाइलींचं उलट आहे, तिथे ६०० हवं, नाहीतर तो कुरकुर करतो.

मग हाताने बनवलेला जुना डमी० ‘आयपी लिंक डिलीट’ ने काढा, आरसी.लोकलमधल्या ओळी आणि ते स्वतःचं युनिट दोन्ही काढा, आणि ‘नेटवर्कसीटीएल रीलोड’ मारा. ‘नेटवर्कसीटीएल स्टेटस डीएनएस०’ मध्ये ‘राउटेबल’ आणि ‘कॉन्फिगर्ड’ दिसायला हवं. ‘आयपी लिंक’ मध्ये मात्र डीएनएस० समोर ‘स्टेट अननोन’ दिसेल. ते बघून घाबरू नका, डमी नेहमीच तसा दिसतो.

आता एसएसएच. तुम्ही डमीवर /२४ हा मास्क (एका पत्त्याबरोबर शेजारचे २५६ पत्ते एकाच नेटवर्कात धरणारा) लावला होता आणि लॅनही तेच आहे, सगळी अडचण तिथे आहे. कोणत्याही इंटरफेसवर पत्ता चढवला की कर्नल त्या मास्कनुसार एक रूट आपोआप टाकतो. १९२.१६८.१०.५३/२४ चा अर्थ कर्नल असा घेतो की ‘१९२.१६८.१०.०/२४ हे अख्खं नेटवर्क डमी० ला जोडलेलं आहे’. म्हणजे ‘आयपी रूट’ मध्ये अशा दोन ओळी दिसतात:

१९२.१६८.१०.०/२४ डेव्ह डमी० प्रोटो कर्नल स्कोप लिंक
१९२.१६८.१०.०/२४ डेव्ह एन्प१एस० प्रोटो कर्नल स्कोप लिंक

दोन्हींचं वजन सारखं असलं की जी आधी लागली तिच्यावरून पॅकेट जातात. हाताने किंवा आरसी.लोकलमधून कमांड चालली तेव्हा एन्प१एस० ची ओळ आधीच लागलेली होती, म्हणून काही बिघडलं नाही. तुम्ही युनिट नेटवर्कच्या आधी आणलंत तेव्हा डमी० ची ओळ वर गेली. आता ऑफिसातल्या १९२.१६८.१०.२० वरून एसएसएचची विनंती एन्प१एस० वर येते, सर्व्हर उत्तर तयार करतो, रूटिंग टेबल बघतो आणि ते उत्तर डमी० मध्ये टाकतो. डमीत गेलेलं पॅकेट तिथेच संपतं. चूक कुठेही छापून येत नाही, लॉग कोरा राहतो. तुमच्या टर्मिनलवर नुसतं टाइमआउट.

याची खूण अशी, की त्याच सर्व्हरला गेटवेच्या पलीकडून, म्हणजे व्हीपीएनवरून किंवा दुसऱ्या सबनेटमधून, बहुतेक वेळा एसएसएच लागतं. डिफॉल्ट रूटमध्ये डेव्ह एन्प१एस० असं डिव्हाइस ठरलेलं असतं, त्यामुळे ती उत्तरं बरोबर बाहेर पडतात. ‘बाहेरून लागतं, शेजारच्या टेबलावरून लागत नाही’ असं कुणी सांगितलं की मी ‘आयपी रूट गेट’ च्या पुढे त्या शेजारच्या मशीनचा आयपी टाकायला सांगतो. कर्नल त्या पॅकेटसाठी कोणता इंटरफेस निवडेल ते एका ओळीत कळतं. तिथे डेव्ह डमी० आलं की बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

म्हणून डमीवर पत्ता नेहमी /३२ ने चढवा. आयपीव्ही६ असेल तर /१२८. /३२ म्हणजे फक्त हा एक पत्ता माझा, त्यामागे नेटवर्क नाही. मास्क एवढा बदलला तरी तुमचं एसएसएच परत येईल.

वर मी १०.५३.०.१ घेतलं त्याचं कारण थोडं वेगळं आहे. लॅनमधलाच पत्ता /३२ ने डमीवर ठेवला तरी तो चालतो. लिनक्स आपल्या मशीनवरच्या कुठल्याही पत्त्यासाठी कुठल्याही इंटरफेसवरून एआरपीला (‘हा आयपी कुणाकडे आहे’ या लॅनवरच्या विचारणेला) उत्तर देतो, त्यामुळे शेजारच्या मशीनांना तो पत्ता सापडतो. पण या सवयीवर अवलंबून राहणं मला आवडत नाही. कुणी सुरक्षेसाठी ‘एआरपी_इग्नोर’ ही कर्नलची सेटिंग १ केली की तो पत्ता लॅनवरून एकदम दिसेनासा होतो, आणि कारण सापडायला वेळ जातो. स्वतंत्र रेंजमधला पत्ता घ्या आणि राउटरवर १०.५३.०.१/३२ साठी १९२.१६८.१०.११ कडे एक स्टॅटिक रूट टाका. कुठून काय येतंय हे मग रूटिंग टेबलमध्येच लिहिलेलं असतं. राउटर तुमच्या हातात नसेल तर मात्र लॅनचाच पत्ता वापरावा लागेल, आणि तशा वेळी कार्डावर दुसरा पत्ता हाच सरळ मार्ग. रेंज निवडताना डॉकरचं १७२.१७.०.० टाळा, आणि व्हीपीएनची रेंज आधी विचारून घ्या.

पुढचा मुद्दा, अनबाउंडची वेळ. इंटरफेस नेटवर्कडीने बनवला तरी अनबाउंडने त्याच्यासाठी थांबायला हवं. याचे दोन मार्ग आहेत.

एक म्हणजे ‘सिस्टमसीटीएल एडिट अनबाउंड’ मारून युनिट विभागात ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट टाकायचं. दोन्ही लागतात. नुसतं ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतं, ते टार्गेट बूटमध्ये ओढून आणत नाही. नेटवर्क.टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट यांत गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा सुरू झाला एवढाच. पत्ते चढले का, याची हमी दुसरा देतो. इथे एक बारकावा आहे. इंटरनेटवरच्या नमुना फाइलींमध्ये डमीसाठी ‘रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो’ ही ओळ सर्रास दिसते आणि लोक ती डोळे झाकून उचलतात. तुम्ही ती टाकू नका. अनबाउंडला डीएनएस० तयार झालेलाच हवाय, तेव्हा ‘ऑनलाइन’ मोजताना तो मोजला गेलाच पाहिजे. ती ओळ, किंवा नेटप्लॅनमधलं ‘ऑप्शनल: ट्रू’, लावायचं ते ज्या कार्डात केबलच नाही त्याला. नाहीतर बूट होताना वेट-ऑनलाइन १२० सेकंद त्या रिकाम्या कार्डाची वाट बघत बसतं.

दुसरा मार्ग अनबाउंडच्या कॉन्फिगमध्ये ‘आयपी-फ्रीबाइंड: येस’ लिहिणं. मशीनवर अजून नसलेल्या पत्त्यावरही मग तो पोर्ट उघडून बसू शकतो आणि पत्ता आला की उत्तरं द्यायला लागतो. ज्या सर्व्हिसमध्ये असा पर्याय नाही तिच्यासाठी सिसीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) ‘आयपी_नॉनलोकल_बाइंड’ १ करता येतं, पण ते सगळ्या मशीनला लागू होतं, म्हणून मी जपून वापरतो. डीएनएससाठी मी फ्रीबाइंडच पसंत करतो. बाकीच्या सर्व्हिस डीएनएसवर अवलंबून असतात, आणि त्यालाच नेटवर्कसाठी ताटकळत ठेवलं की सगळी रांग मागे सरकते.

दुसऱ्या डिस्ट्रोवर हेच काम कसं होतं ते थोडक्यात. नेटवर्कमॅनेजरवर ‘एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप डमी’ आणि पुढे इफनेम, आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल आणि पत्ता. हे आपोआप कायमचं होतं आणि त्याची फाइल /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स मध्ये जाते. ती हाताने लिहिली तर मालक रूट आणि परवानगी ६०० हवी, नाहीतर तो तिच्याकडे बघतच नाही. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस मॉडिफाय’ ने केलेले बदल मात्र तात्पुरते असतात. जुन्या इफसीएफजी फाइलींच्या नादाला आता लागू नका. इफअपडाउनवर /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये इंटरफेसचा परिच्छेद लिहायचा, त्यात ‘प्री-अप’ मध्ये लिंक ॲड आणि ‘पोस्ट-डाउन’ मध्ये लिंक डिलीट. वर ‘ऑटो डीएनएस०’ ही ओळ विसरलात की बूटला काही होत नाही, आणि हाताने ‘इफअप’ केलं की सगळं चालतं, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, की पुढे याच सर्व्हरवर कंटेनरांना लॅनचे खरे पत्ते द्यायचे झाले तर मॅकव्हीलॅन (एकाच कार्डावर वेगवेगळ्या मॅक, म्हणजे हार्डवेअर, पत्त्यांचे इंटरफेस बनवण्याची सोय) वापरू का. वापरा, पण तीन गोष्टी आधी माहीत असू द्या. मॅकव्हीलॅनवर बसलेला कंटेनर आणि त्याच कार्डावरचा होस्ट एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ती चूक नाही, मॅकव्हीलॅनची रचनाच तशी आहे. म्हणजे कंटेनरांना होस्टवरचा डीएनएस हवा असेल तर होस्टलाही एक मॅकव्हीलॅन इंटरफेस बनवून द्यावा लागतो आणि होस्टवरचा कंटेनरांकडे जाणारा रूट त्यावरून न्यावा लागतो. दुसरी गोष्ट, तुमचा सर्व्हर स्वतःच व्हर्च्युअल मशीन असेल तर ते मशीन चालवणारा हायपरव्हायजर अनोळखी मॅक पत्त्याची पॅकेट अडवू शकतो. व्हीएमवेअरमध्ये त्यासाठी पोर्ट ग्रुपवर ‘फोर्ज्ड ट्रान्समिट्स’ आणि ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ बघावे लागतात. पब्लिक क्लाउडमध्ये तर हे सहसा चालतच नाही. तिथे आयपीव्हीलॅन घ्यावा, तो खऱ्या कार्डाचाच मॅक वापरतो. पण पत्ते क्लाउडच्या बाजूनेही त्या कार्डाच्या नावे नोंदवावे लागतात.

तिसरी गोष्ट मी एका क्लायंटकडे जवळून पाहिली. एका टेम्प्लेटवरून क्लोन केलेली दोन मशीन, दोन्हींवर एमव्ही० नावाचा मॅकव्हीलॅन. पिंग आळीपाळीने लागायचं, एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं बंद. तिसऱ्या मशीनवर ‘आयपी नेबर’ मारलं तर दोन वेगळ्या आयपींपुढे एकच मॅक पत्ता. सिस्टमडी अशा व्हर्च्युअल इंटरफेसचा मॅक /ईटीसी/मशीन-आयडी आणि इंटरफेसचं नाव यांवरून ठरवतं, म्हणजे दर रीबूटला तोच मॅक यावा. हेतू उत्तम आहे. पण क्लोन करताना मशीन-आयडीसुद्धा क्लोन झाला होता आणि नावही सारखंच होतं, म्हणून मॅकही सारखाच आला. उपाय सोपा आहे: टेम्प्लेट बंद करण्याआधी त्यातली मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची, डिलीट करायची नाही. पहिल्या बूटला नवा आयडी बनतो. तुमचे सर्व्हर क्लोन केलेले असतील तर दोन मशीनांवर ‘कॅट /ईटीसी/मशीन-आयडी’ करून आजच ताडून बघा. डीएचसीपीवर दोन मशीनांना एकच आयपी मिळण्यामागेही अनेकदा हेच असतं.

हे सगळं करताना मशीनपासून दूर असाल तर आधी कन्सोलचा रस्ता उघडा आहे याची खात्री करा. नेटप्लॅनमध्ये काही बदलणार असाल तर ‘अप्लाय’ ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाहीत तर तो जुनी व्यवस्था परत आणतो. आणि क्लाउड-इनिट (बूटच्या वेळी मशीनची सेटिंग लावणारा प्रोग्राम) असलेल्या मशीनवर ५०-क्लाउड-इनिट.वायएएमएल मध्ये हाताने बदल करू नका, ती फाइल क्लाउड-इनिट पुन्हा लिहू शकतं. स्वतःची वेगळी फाइल करा.

शेवटी रीबूट मारायचाच, आणि तो सगळं ताजं डोक्यात असताना मारायचा. मशीन वर आलं की या क्रमाने बघा: ‘नेटवर्कसीटीएल लिस्ट’ मध्ये डीएनएस० आणि एन्प१एस० दोन्ही ‘कॉन्फिगर्ड’ आहेत का, ‘आयपी रूट’ मध्ये १९२.१६८.१०.०/२४ ची एकच ओळ आहे का, ‘एसएस -एलएनयूपी’ मध्ये १०.५३.०.१ च्या पोर्ट ५३ वर अनबाउंड बसलाय का, आणि लॅनमधल्या मशीनवरून ‘डिग’ ला उत्तर येतंय का. यांतलं काही अडलं तर या चार कमांडचं आउटपुट आणि ‘जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-नेटवर्कडी’ चा लॉग इथे टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.